बॉक्स चालू, टीव्ही चालू, चित्र गायब

सेट-टॉप बॉक्स टीव्हीला थेट जोडला की चित्र झकास दिसतं. मध्ये स्प्लिटर लावून दुसरा टीव्ही जोडला की दोन्ही पडदे काळे. बॉक्स बिघडलेला नाही, टीव्ही नवा आहे, वायर कालच आणलेली आहे. मग चित्र अडतं कुठे?

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांची क्लबहाऊसं, डोंबिवलीतले क्लास, कल्याणातली मंगल कार्यालयं, सगळीकडे हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी, विश्वचषकाचा अंतिम सामना होता त्या दिवशी, तो जरा जास्तच विचारला गेला असणार. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "वायर बदलून बघू." वायर बदलते, पडदा काळाच राहतो. मग मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून दुसरा स्प्लिटर येतो, कधी तो चालतो, कधी नाही, आणि का चालला हे कोणालाच ठाऊक नसतं.

उत्तर बहुतेक वेळा चार अक्षरांत असतं : एचडीसीपी. डिजिटल चित्राची परस्पर नक्कल होऊ नये म्हणून घातलेलं हे संरक्षण आहे. ते समजून न घेता स्प्लिटर, मॅट्रिक्स (अनेक बॉक्स आणि अनेक टीव्ही हवे तसे जोडणारा डबा) किंवा एक्स्टेंडर विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

१. केबलवाल्याची वायर आणि ३१ मार्च २०१३

आधी थोडा मागचा काळ. केबलवाल्याची जाड काळी वायर घरात यायची, तिला एक छोटा फाटा जोडायचा, एक टोक हॉलमधल्या टीव्हीला, दुसरं आतल्या खोलीला. दोन्हीकडे वेगवेगळे चॅनेल लावता येत, कारण सगळे चॅनेल त्या वायरीतून उघडेच येत असत. सासूबाईंची मालिका आणि नातवाचं कार्टून एकाच जोडणीवर चालायचं.

केबल टेलिव्हिजन कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि हे बदललं. केबल डिजिटल करण्याच्या पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही महानगरं होती. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली होती, आणि त्या टप्प्याची मुदत होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर वायरीतून येणारे चॅनेल संकेतबद्ध झाले. ते उलगडतो सेट-टॉप बॉक्स, तेही ग्राहकाने पैसे भरले असतील तेवढेच. आतल्या खोलीतल्या टीव्हीला दुसरा बॉक्स लागू लागला, आणि लोकांनी फाटा बॉक्सच्या आधी काढण्याऐवजी बॉक्सच्या पुढे काढायला सुरुवात केली.

इथेच घोटाळा होतो. बॉक्सने चॅनेल उलगडला म्हणजे पुढे सगळं मोकळं झालं, असं वाटतं. पण केबल कंपनीचं संरक्षण बॉक्सपाशी संपतं आणि तिथूनच दुसरं सुरू होतं. बॉक्सच्या एचडीएमआय पोर्टमधून बाहेर पडताना चित्र पुन्हा संकेतबद्ध होतं आणि टीव्हीत शिरल्यावरच उलगडतं. हा दुसरा टप्पा एचडीसीपीचा. त्याचा केबलवाल्याशी काही संबंध नाही. त्याला फोन करून भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, तोही बिचारा हैराण असतो.

जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर लावली की दोन्ही टीव्ही चालू होतात, हा अनुभव खरा आहे. त्या वायरीतून चित्र अ‍ॅनालॉग रूपात जातं, तिथे एचडीसीपी नाही. पण त्यातून एचडी चित्र जात नाही, आणि ५५ इंची पडद्यावर चेंडू शोधावा लागतो. अ‍ॅनालॉग नकलेची नक्कल काढली की चित्र फिकं होत जायचं, हे व्हीसीआरच्या जमान्यातल्या लोकांना आठवत असेल. डिजिटल चित्राची दहावी नक्कलही पहिल्याइतकीच स्वच्छ निघते. निर्मात्यांना भीती वाटली ती याची, आणि म्हणून इंटेल कंपनीने तयार केलेली एचडीसीपी ही पद्धत २००० मध्ये आली. आजही तिचे परवाने इंटेलचीच एक उपकंपनी देते.

२. दोन अनोळखी उपकरणं एकच आकडा कसा काढतात?

बॉक्स एका कंपनीचा, टीव्ही दुसऱ्या कंपनीचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. तरी जोडल्यावर क्षणात दोघांकडे एकच गुप्त आकडा तयार होतो आणि तो वायरीतून कधीच जात नाही. तंत्रज्ञ याला हँडशेक म्हणतात. यामागचं गणित शाळकरी पोरालाही करता येईल.

समजा परवाने देणाऱ्या केंद्राकडे तीन गुप्त आकडे आहेत : ७, ३ आणि २. प्रत्येक उपकरणाला एक उघड क्रमांक मिळतो. बॉक्सचा क्रमांक २, टीव्हीचा ५. शिवाय केंद्र प्रत्येकाला दोन गुप्त आकडे काढून देतं. पहिला आकडा : ७ अधिक ३ गुणिले उपकरणाचा क्रमांक. दुसरा : ३ अधिक २ गुणिले तोच क्रमांक. म्हणजे बॉक्सला मिळाले १३ आणि ७. टीव्हीला मिळाले २२ आणि १३.

आता दोघं जोडले गेले आणि त्यांनी फक्त उघड क्रमांक एकमेकांना सांगितले. नियम असा : आपला पहिला आकडा घ्या, त्यात आपला दुसरा आकडा गुणिले समोरच्याचा क्रमांक एवढं मिळवा. बॉक्सचा हिशेब : १३ + ७ × ५ = ४८. टीव्हीचा हिशेब : २२ + १३ × २ = ४८. दोघांकडे ४८ आला. या आकड्याच्या आधारे बॉक्स चित्र संकेतबद्ध करतो आणि टीव्ही ते उलगडतो. परवाना न घेतलेल्या उपकरणाकडे गुप्त आकडेच नसतात, त्यामुळे त्याचा हिशेब जुळत नाही आणि बॉक्स चित्र देत नाही.

खऱ्या एचडीसीपीच्या पहिल्या पिढीत उघड क्रमांक ४० अंकी असतो, त्यात २० शून्यं आणि २० एक. गुप्त आकडे दोन नव्हे, ४० असतात आणि प्रत्येक ५६ बिटांचा. तत्त्व मात्र वरचंच.

त्यातली खोटही वरच्या उदाहरणात दिसते. कोणी बॉक्स आणि टीव्ही दोन्ही उघडून आतले चार आकडे मिळवले, तर ७, ३, २ हे मूळ आकडे त्याला सहज काढता येतात. १३ आणि २२ मध्ये फरक ९ चा, क्रमांकांतला फरक ३, म्हणजे मधला आकडा ३. बाकीचे दोन वाचकांनी काढून पाहावेत. खऱ्या पद्धतीत दोनऐवजी चाळीसेक उपकरणं लागतात, एवढंच. संशोधकांनी ही कमजोरी २००१ मध्येच दाखवली होती. सप्टेंबर २०१० मध्ये मूळ आकड्यांचा अख्खा तक्ता इंटरनेटवर उघडा पडला आणि तो खरा असल्याचं इंटेलनेही मान्य केलं. नंतरच्या दुसऱ्या पिढीत हे गणित सोडून बँकांच्या व्यवहारांत वापरतात तशा भक्कम पद्धती घेतल्या गेल्या.

३. अडीच सेकंदांची तपासणी

हँडशेक एकदा झाला म्हणजे काम संपलं असं नाही. पहिल्या पिढीत बॉक्स दर १२८ चित्रांनी टीव्हीकडून खात्री करून घेतो की दोघांचा हिशेब अजून जुळतो आहे. आपल्याकडे सेकंदाला ५० चित्रं, म्हणजे १२८ भागिले ५०, साधारण २.५६ सेकंदांनी एकदा. चित्र दोन-तीन सेकंद दिसून जातं, परत येतं, परत जातं, हा जो खेळ काही ठिकाणी चालतो तो बहुधा इथला असतो.

बिघाड ओळखायला पडद्याकडे नीट पाहावं. सगळा पडदा रंगीत मुंग्यांनी भरला असेल, तर चित्र पोहोचतंय पण उलगडत नाही : एचडीसीपीचा हिशेब सुटला आहे. चित्र दिसतंय आणि त्यात इकडेतिकडे ठिपके चमकताहेत, तर वायर लांब किंवा निकृष्ट आहे. इनपुट बदलल्यावर दोन-चार सेकंद पडदा काळा राहणं हा बिघाडच नव्हे, नवा हँडशेक चालू असतो.

आणखी एक गोष्ट एचडीसीपीच्या नावावर उगाच खपवली जाते. टीव्ही आपल्याला कोणतं चित्र झेपतं हे बॉक्सला कळवतो, त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. स्प्लिटरला एक मोठा आणि एक जुना टीव्ही जोडला की मोठ्यावरचंही चित्र साधं होतं, त्याला बऱ्याचदा ही माहिती कारण असते. ईडीआयडी सांगते काय झेपतं, एचडीसीपी सांगतं काय द्यायची परवानगी आहे. तक्रार करताना या दोन्हींत गल्लत केली की दुकानदार आणि गिऱ्हाईक तासभर वेगवेगळ्या विषयांवर बोलत राहतात.

४. मधला डबा गप्प बसत नाही

स्प्लिटर म्हणजे पाण्याच्या नळाला काढलेला फाटा अशी आपली समजूत. एचडीसीपीच्या हिशेबात तो रिपीटर आहे. त्याच्याकडे स्वतःचे परवान्याचे आकडे लागतात. तो बॉक्सकडून चित्र घेऊन उलगडतो, प्रत्येक टीव्हीशी स्वतंत्र हँडशेक करतो, प्रत्येकासाठी पुन्हा संकेतबद्ध करतो आणि पुढे कोणकोणती उपकरणं आहेत याची यादी बॉक्सला देतो. बॉक्स ती यादी रद्द झालेल्या उपकरणांच्या यादीशी ताडून पाहतो. म्हणून मुळात एका टीव्हीपुरती केलेली व्यवस्था स्प्लिटरनंतर वेगळीच होऊन बसते.

पहिल्या पिढीत ही यादी पाच सेकंदांत पोहोचावी लागते. एखादा टीव्ही उशिरा जागा झाला की यादी अपुरी, आणि सगळ्याच पडद्यांना फटका. यावरचा उपाय फुकट आहे : आधी सगळे टीव्ही सुरू करा, मग स्प्लिटर, शेवटी बॉक्स. समारंभांना एलईडी वॉल लावणारी जुनी मंडळी हा क्रम पाळतात, कारण विचारलं तर मात्र "तसंच करायचं असतं" म्हणतात.

संख्येवरही मर्यादा आहे. पहिल्या पिढीत एका बॉक्समागे १२७ उपकरणं आणि रिपीटरचे सात स्तर. दुसऱ्या पिढीत ३२ उपकरणं आणि चार स्तर. बॉक्स बनवणारे याहून कमी मर्यादाही घालतात.

एक हिशेब करू. क्लबहाऊसमध्ये एक मॅट्रिक्स, त्याला दोन स्प्लिटर, प्रत्येक स्प्लिटरला चार टीव्ही. उपकरणं झाली १ + २ + ८ = ११, स्तर दोन. आरामात बसतं. पुढच्या वर्षी कोणी जिममधल्या टीव्हीच्या जागी आणखी एक स्प्लिटर लावला आणि त्याच्या पुढे स्विमिंग पूलसाठी अजून एक, तर स्तर चार झाले. दुसऱ्या पिढीची मर्यादा इथे संपली. पाचव्या स्तरावरच्या स्प्लिटरला चित्र मिळणार नाही आणि ते का मिळत नाही हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नसेल. म्हणून एकामागे एक छोटे स्प्लिटर जोडत जाण्यापेक्षा एकच मोठा घ्यावा. लांबवर चित्र नेणारे एक्स्टेंडर या हिशेबात कधी मोजले जातात, कधी नाही, ते त्या त्या उपकरणाच्या तपशिलात पाहावं.

५. १.४ की २.२?

बाजारात दोन आकडे ऐकू येतात. १.४ ही पहिल्या पिढीची २००९ मधली आवृत्ती, २.२ ही दुसऱ्या पिढीची २०१२ मधली. साधं एचडी चित्र १.४ वर भागतं. नेटफ्लिक्सचं ४के किंवा ४के ब्लू-रे यांना २.२ लागतंच.

२.२ मध्ये चित्राचा मालक ठरवू शकतो की माझं चित्र १.४ च्या उपकरणाला द्यायचंच नाही. १५ डब्यांची लोकल जशी आखूड फलाटावर थांबवत नाहीत, तसं हे चित्र १.४ च्या टीव्हीपाशी थांबत नाही. आता आठ टीव्हींपैकी एकच जुना असेल तर काय? दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर तो एकटा काळा राहतो. नाही तर बॉक्सला कळतं की साखळीत एक जुना आहे, आणि तो सगळ्यांनाच एचडी चित्र देतो. दुसऱ्या प्रकारात कोणी तक्रार करत नाही, आणि सात महागड्या ४के टीव्हींवर वर्षभर एचडी पाहिलं जातं.

खरेदीत हमखास फसायला होतं ते इथे. एचडीएमआय २.० आणि एचडीसीपी २.२ या वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणजे दुसरी असेलच असं नाही. ४के टीव्ही नवे होते तेव्हाच्या काही संचांत २.२ एकाच पोर्टवर आहे, तेव्हा पोर्टच्या बाजूची बारीक अक्षरं वाचावीत. आणि "एचडीसीपीवाली वायर" अशी वस्तू नसते. वायरीत आकडे नसतात. वायर चांगली हवी ती वेगासाठी, परवान्यासाठी नव्हे.

६. तुमचंच चित्र, आणि तेच अडतंय

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्या भागात दृक्‌श्राव्य सामान घेणाऱ्या बहुतेकांना संरक्षित चित्र दाखवायचंच नसतं. डोंबिवलीतल्या एखाद्या क्लासचं पाहा. सर एका खोलीत शिकवतात, लॅपटॉपवरचे आलेख शेजारच्या दोन खोल्यांतल्या टीव्हींवर दिसायला हवेत आणि तास रेकॉर्डही व्हायला हवा. चित्र सरांचं स्वतःचं. कोणाचाच हक्क आड येत नाही. तरी रेकॉर्डरवर काळा पडदा येतो.

कारण काही लॅपटॉप, अ‍ॅपलचे तर ठळकपणे, समोरचं उपकरण एचडीसीपी समजतं असं दिसलं की आत काय चाललंय हे न बघता सगळंच संकेतबद्ध करून पाठवतात. टीव्हींना ते चालतं. पण रेकॉर्डर, थेट प्रक्षेपणाचा एन्कोडर आणि व्हिडिओ कॉन्फरन्सची यंत्रणा संरक्षित चित्र घेत नाहीत. त्यांनी घेऊ नये अशीच अपेक्षा आहे.

इथे नियमबाह्य काही करावं लागत नाही. चांगल्या मॅट्रिक्समध्ये प्रत्येक इनपुटवर एचडीसीपी चालू-बंद करायची सोय असते. ती बंद केली की मॅट्रिक्स लॅपटॉपला सांगतो, "मला एचडीसीपी समजत नाही." लॅपटॉप मग स्वतःचं साधं चित्र उघडं पाठवतो आणि एखादा संरक्षित सिनेमा लावला तर तेवढाच अडवतो. क्लास, शाळा, सोसायटीच्या सभा यांच्यासाठी मला ही एक सोय ४के पेक्षा मोलाची वाटते. विक्रेते तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

नाट्यगृहातल्या कार्यक्रमाचंही तसंच. ठाण्याचं गडकरी रंगायतन असो वा कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, रंगमंचावरचं दृश्य कॅमेऱ्याने टिपून मोठ्या पडद्यावर द्यायचं असेल तर व्यावसायिक मंडळी एसडीआय वायर वापरतात. तिच्यात एचडीसीपी नसतंच, आणि ती लांबही जाते. कॅमेऱ्याचं चित्र ज्या मिक्सरमध्ये येतं त्यातच कोणी मध्येच ओटीटीवरचा सिनेमा लावायला गेलं की मात्र सगळं ठप्प.

७. "सगळं चालतं" असा डबा

काही स्प्लिटर कोणत्याही बॉक्सबरोबर, कोणत्याही टीव्हीवर, कोणत्याही क्रमाने चालतात. हा गुण नव्हे. ते चित्र उलगडतात आणि पुढे उघडंच पाठवतात. डब्यावर हे लिहिलेलं नसतं, कानात सांगितलं जातं.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने संरक्षणाची तांत्रिक व्यवस्था मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. हेतूचा उल्लेख कायद्यात आहे, त्यामुळे घरात दुसरा टीव्ही जोडणारा गृहस्थ आणि सिनेमा उतरवून विकणारा एका तागडीत बसत नाहीत. पण क्लब, हॉटेल किंवा संस्थेने बिल फाडून असा डबा लावणं मला शहाणपणाचं वाटत नाही. शिवाय तो डबा आज चालला तरी उद्या बॉक्सचं सॉफ्टवेअर बदललं की चालेलच याची हमी कोण देणार?

उलट बाजूही सांगायला हवी. सगळी साखळी नियमानुसार असली म्हणजे सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी मिळाली असं होत नाही. एचडीसीपीला खोली ओळखता येत नाही. घरगुती जोडणीवरचा सामना हॉटेलात लावला तर चित्र दिसेल, पण घरगुती जोडणी व्यावसायिक वापरासाठी नसते, त्यासाठी वेगळा करार करावा लागतो.

८. कोटेशनवर काय लिहून घ्यावं

संस्थांच्या निविदेत "एचडीसीपी कम्प्लायंट" एवढे दोन शब्द असतात. त्यांवर १.४ चा डबाही बसतो आणि २.२ चाही. त्याऐवजी आधी कागदावर साखळी काढावी : बॉक्स किंवा लॅपटॉप, मग मॅट्रिक्स, स्प्लिटर, एक्स्टेंडर, टीव्ही. प्रत्येकाच्या खाली एचडीसीपीची आवृत्ती लिहावी. ज्या घरात आकडा भरता येत नाही ते उपकरण घेऊ नये. जुना व्हीजीए प्रोजेक्टर असेल तर त्याची जागा रिकामीच ठेवा, तिथे परवानाधारक उपकरण संरक्षित चित्र देणार नाही. तो प्रोजेक्टर फक्त स्वतःच्या सादरीकरणांसाठी ठेवावा.

मग विक्रेत्याकडून लिहून घ्यावं : आवृत्ती सगळ्या पोर्टवर तीच आहे का, किती उपकरणं आणि किती स्तर चालतील, इनपुटवर एचडीसीपी बंद करता येतं का, साखळीत एक जुना टीव्ही आला तर बाकीच्यांचं चित्र उतरतं की तेवढाच काळा राहतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना देता येत नाही, ते जाग्यावर करूनच बघावं लागतं.

चाचणी दुकानातल्या नमुना व्हिडिओवर घेऊ नये, तो पेन ड्राइव्हवरचा असतो आणि उघडा असतो. आपला स्वतःचा बॉक्स किंवा ओटीटीचं खातं घेऊन जावं, चित्र अर्धा तास चालू ठेवावं, मध्ये एक टीव्ही बंद करून पुन्हा लावावा, इनपुट चार वेळा बदलावं. वीज गेल्यावर सगळं एकदम सुरू होतं तेव्हा काय होतं, हे बघायला मेनचा स्विचही एकदा बंद-चालू करावा. पावसाळ्यात हीच परीक्षा महावितरण घेणार आहे, तेव्हा ती आधीच झालेली बरी.